टप्प्याटप्प्याने तोटा

हातात चेंडू आला आणि माणसाने तो एकदाही जमिनीवर आपटला नाही, असं मी अजून पाहिलेलं नाही. लहान मुलांचं सोडून द्या. निवृत्त मामलेदार, बँकेतले ऑडिटर, पाच मिनिटांपूर्वीच "गुडघे गेले हो आता" असं सांगणारे काका, यांतल्या कुणाच्याही हातात चेंडू ठेवून बघा. आधी ते तो नुसता धरतील. मग अंगठ्याने दाबतील. मग आपला हुद्दा ओळखणारं कुणी आसपास नाही ना, याची खात्री करतील आणि टप्. चेंडू परत हातात आला की चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते पेन्शनचा फरक जमा झाल्यावरही दिसत नाही.

खरं तर चेंडू पूर्ण परत आलेलाच नसतो. छातीपासून सोडलेला चेंडू कमरेच्या आसपास येऊन थांबतो. माणूसच नकळत वाकतो, हात खाली नेतो आणि त्याला गाठतो. कमी पडलेली उंची आपण आपल्या कमरेने भरून काढतो आणि श्रेय मात्र चेंडूला देतो.

हे नीट बघायचं असेल तर मे महिन्यात खेळाच्या सामानाच्या दुकानात जाऊन कोपऱ्यात उभं राहावं. वडील आणि मुलगा टेनिसचा चेंडू घ्यायला आलेले असतात. मुलाला पहिला चेंडू पसंत असतो. वडिलांना पहिला चेंडू कधीच पसंत नसतो. ते खोक्यातला एकेक चेंडू उचलतात, दाबतात, कानाशी नेऊन हलवतात (आत काय वाजायला हवं, हे त्यांनाही ठाऊक नसतं, पण नारळाची सवय), फरशीवर टाकतात, मान हलवतात आणि बाजूला ठेवतात. दुकानदार सांगतो, "साहेब, सगळे एकाच बॉक्समधले आहेत." वडील म्हणतात, "तरी पण." या 'तरी पण'ला उत्तर नाही. शेवटी खोक्यातला जो चेंडू घेतला जातो तो बहुधा पहिलाच असतो, पण तो आता परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेला असतो.

या वडिलांना हसू नये. लंडनमध्ये बसलेला आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघही हेच करतो, फक्त छापील नियम करून. त्यांच्या परीक्षेत चेंडू आधी चोवीस तास डब्याबाहेर काढून ठेवतात. मग तो एका दिशेने सुमारे अडीच सेंटिमीटर दाबायचा, मग तिला काटकोनात दुसऱ्या दिशेने, मग तिसऱ्या दिशेने. अशा तीन फेऱ्या, एकूण नऊ दाब. खोलीचं तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास, हवेतला दमटपणा ६० टक्क्यांच्या आसपास. एवढं झाल्यावर चेंडू २५४ सेंटिमीटरवरून, म्हणजे बरोबर शंभर इंचांवरून, सपाट आणि टणक पृष्ठभागावर सोडायचा. तो परत ५३ ते ५८ इंच यायला हवा. थोडक्यात, दाबणं आणि आपटणं या दोन्ही बाबतींत आपले वडील महासंघाच्या बरोबरीने आहेत. कानाशी नेऊन हलवण्याचं कलम तेवढं महासंघाला सुचलेलं नाही.

मला त्या आकड्यांमधला खालचा आकडा समजतो. शंभरातले त्रेपन्न इंच तरी परत आलेच पाहिजेत, नाहीतर चेंडू फुसका. पण वरचा आकडा बघा. अठ्ठावन्नच्या वर गेला तरी चेंडू नापास! आयुष्यभर आपल्याला सांगितलं गेलं की जास्त मार्क पडले तर पेढे वाटतात. इथे एकोणसाठ पडले तर घरी पाठवतात. म्हणजे शंभर रुपये दिल्यावर बेचाळीस ते सत्तेचाळीस रुपये बुडालेच पाहिजेत, याहून कमी बुडाले तर तक्रार, असा हा कारभार आहे.

आणि हे एकट्या टेनिसचं नाही. टेबल टेनिसच्या टेबलावर ३० सेंटिमीटरवरून चेंडू सोडला तर तो २३ सेंटिमीटरच्या आसपास उसळावा, असा नियम आहे, म्हणजे चौथ्या हिश्शाच्या आत-बाहेर तोटा. फुटबॉल दोन मीटरवरून पोलादी प्लेटवर सोडतात आणि तो दीड मीटरच्या आगेमागे यावा अशी अपेक्षा ठेवतात. स्क्वॉशचा काळा चेंडू तर तोट्याचा बादशहा. साध्या खोलीत सोडला तर शंभरातले बारा-पंधरा परत करून तो जमिनीवर बसून राहतो. म्हणून स्क्वॉशवाले खेळ सुरू करण्याआधी तो भिंतीवर दणादणा मारून तापवतात. ४५ अंशांपर्यंत तापला की तो पंचवीस-तीसपर्यंत येतो आणि मग त्याला 'खेळण्याजोगा' म्हणतात. पहिल्यांदा स्क्वॉश बघायला गेलेल्या माणसाला वाटतं, सामना सुरू झाला. तो सुरू झालेला नसतो, चेंडू गरम होत असतो.

तर जगातले सगळे खेळ तोट्यावर चालतात. नुसते चालत नाहीत, किती तोटा व्हावा हे ठरवायला समित्या आहेत, त्यांची मुख्यालयं आहेत, प्रयोगशाळा आहेत. हे एकदा लक्षात आल्यापासून मला चेंडूकडे पूर्वीच्या निरागसपणे बघता येत नाही.

बुडालेली रक्कम जाते कुठे, हा प्रश्न कुठल्याही मराठी माणसाला आधी पडतो. चेंडू जमिनीला टेकतो तो क्षण सेकंदाच्या काही हजाराव्या भागांएवढा असतो. तेवढ्यात तो खालून चपटा होतो, त्याची गतिज ऊर्जा रबर दाबण्यात आणि आतली हवा दाबण्यात जमा होते आणि लगेच रबर ती परत करू लागतं. पण रबराच्या आत लांबलचक रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. ताणताना आणि सैल होताना त्या एकमेकींवर घासतात, आणि त्या घासण्यात बराचसा भाग उष्णता होऊन जातो. थोडा भाग चेंडूच्या थरथरण्यात जातो, आणि अगदी किरकोळ भाग आपल्या कानापर्यंत येतो, तो 'टप्' होऊन. मुलं दुपारी दोन वाजता बाहेर खेळत असताना तळमजल्यावरच्या आजोबांना जो असह्य होतो तो आवाज एकूण तोट्याचा एक चिल्लर हिस्सा आहे. हे आजोबांना सांगून उपयोग नाही. त्यांचं सगळं भांडण त्या चिल्लर हिश्शाशीच आहे.

या टकरींचा अभ्यास करणाऱ्या थोरांचा इतिहास मोठा वाचनीय आहे, कारण त्यातही बरीच आपटाआपटी आहे. १६४४ साली देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने दोन वस्तूंच्या टकरीचे सात नियम लिहिले. त्यांतला एक असा, की मोठी वस्तू स्थिर उभी असेल तर छोटी वस्तू कितीही वेगाने येऊन धडकली तरी मोठीला तसूभरही हलवू शकत नाही, नुसती उलटी फिरते. गोट्या खेळलेल्या कुठल्याही पोराने त्याला अर्ध्या मिनिटात गप्प केलं असतं. पण देकार्तने त्याचीही सोय करून ठेवली होती. आपली सिद्धता इतकी पक्की आहे, की अनुभव उलट सांगताना दिसला तरी डोळ्यांपेक्षा बुद्धीवर विश्वास ठेवावा, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं. घरोघरी असा एक माणूस असतो. फक्त त्याचं लिखाण लॅटिनमध्ये नसतं.

हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सच्या वडिलांचा आणि देकार्तचा घरोबा होता. तरी किंवा म्हणूनच, पोराने विशीत असतानाच हे नियम चुकीचे आहेत हे ओळखलं आणि दोन दोऱ्यांना टांगलेले गोळे घेऊन त्याने एक सुंदर युक्ती लढवली. एक माणूस संथ चाललेल्या होडीत उभा राहून दोन गोळ्यांची टक्कर करतो आहे आणि दुसरा काठावरून तीच टक्कर बघतो आहे. होडीतल्याला दोन्ही गोळे सारख्या वेगाने समोरासमोर आलेले दिसतात. होडीचा वेगही तेवढाच असेल, तर काठावरच्याला त्यांतला एक स्थिर दिसतो. टक्कर एकच, साक्षी दोन, आणि दोघांचंही खरं. त्यावरून त्याने नियम काढले. कोर्टात असे साक्षीदार आले तर केस वीस वर्षं चालेल. हायगेन्सने दोघांची साक्ष जुळवून निकाल लावला.

१६६८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने टकरीच्या नियमांवर तीन जणांकडून लेख मागवले. एक गणिती आणि धर्मगुरू जॉन वॉलिस, दुसरा ख्रिस्तोफर रेन, ज्याने पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल बांधलं, आणि तिसरा हायगेन्स. तिघांचे लेख आले. सोसायटीच्या अंकात वॉलिस आणि रेन छापून आले आणि हायगेन्सचा राहिला. हायगेन्स रुसला. त्याने आपले नियम पॅरिसच्या नियतकालिकात छापून आणले. दिवाळी अंकांच्या संपादकांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. विषय टकरीचाच होता, तेव्हा एक टक्कर संपादकाशी व्हायचीच.

यांतल्या वॉलिसने मऊ, परत न उसळणाऱ्या वस्तूंचा विचार केला, बाकी दोघांनी उत्तम उसळणाऱ्यांचा. मधल्या सगळ्या जगाकडे, म्हणजे थोडं उसळणाऱ्या आणि थोडं बुडवणाऱ्या खऱ्याखुऱ्या वस्तूंकडे, न्यूटनने बघितलं. १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त तो सांगतो, की त्याने दहा फुटी लंबकांना गोळे टांगून ते एकमेकांवर आदळवले. हवेने होणारा विरोधही हिशेबात धरला. त्याने घट्ट गुंडाळून दाबलेल्या लोकरीचे गोळे घेतले, पोलादाचे घेतले, बुचाचे घेतले, काचेचे घेतले. लोकरीचे गोळे ज्या वेगाने एकमेकांकडे आले त्याच्या पाच-नवमांश वेगाने दूर गेले. काचेचे पंधरा-सोळांश वेगाने. येताना वेग किती आणि जाताना किती, या दोन आकड्यांचा भागाकार आजही चेंडूच्या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी आहे. उसळीची उंची काढायची असेल तर त्याच भागाकाराचा वर्ग करायचा. टेनिसच्या चेंडूचा हा आकडा पाऊण म्हटला की उंची नऊ-सोळांश आली, म्हणजे शंभर इंचांतले छप्पन्न. महासंघाच्या पट्टीत बरोबर बसतो.

गुरुत्वाकर्षणाचा शोध लावलेला माणूस संध्याकाळी दिवा लावून लोकरीचा गोळा गुंडाळतो आहे, हे दृश्य मला त्या सफरचंदाहून जास्त आवडतं. सफरचंद आपोआप पडलं असेल. लोकर गुंडाळावी लागते.

न्यूटनच्या नियमांत एक कलम असं आहे, की ऊर्जा कितीही बुडाली तरी संवेग बुडत नाही. याचा प्रात्यक्षिक पाठ आमच्याकडे पोळ्यांच्या वेळी होतो. कणकेचा गोळा हा जगातला सर्वांत प्रामाणिक दिवाळखोर आहे. भिंतीवर फेकला की तो काहीही परत देत नाही, चिकटतो. परतीचा आकडा शून्य. मुलाने तो एकदा ओट्याच्या वरच्या टाइलवर फेकला. आवाज 'टप्' नव्हे, 'थप्' झाला. गोळा बशीएवढा पसरला, क्षणभर तिथे राहिला, मग तेलाचा एक ओघळ मागे सोडत मोठ्या इतमामाने खाली घसरला. गतिज ऊर्जा कणीक चपटी करण्यात संपली. संवेग मात्र भिंतीला मिळाला, भिंतीने इमारतीला दिला, इमारतीने पृथ्वीला. मुलाने तिकडे पृथ्वी ढकलली म्हणायची, अर्थात कुठल्याही यंत्राला कळणार नाही इतकी. माझ्या घरातली प्रतिक्रिया मात्र सगळ्या खोल्यांत कळली, आणि ती क्रिया करणाऱ्याऐवजी पेपर वाचत बसलेल्या तिसऱ्याच माणसावर झाली. न्यूटनच्या तिसऱ्या नियमात हे बसत नाही.

आता एक आपल्याकडची गोष्ट. न्यूटनला वाटलं होतं, की तो परतीचा आकडा त्या-त्या पदार्थाचा ठरलेला असतो, टक्कर जोरात होवो की हळू. तसं नसतं. टक्कर जितकी जोराची तितका तोटा मोठ्या प्रमाणात. मग टक्कर अगदी हळू झाली तर? याचं उत्तर कलकत्त्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शोधलं. १९१८ साली त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला, अत्यंत कमी वेगाने होणाऱ्या टकरींच्या छायाचित्रणावर. निष्कर्ष असा, की वेग कमी कमी करत नेला तर परतीचा आकडा एकाच्या जवळ जवळ जातो. म्हणजे अगदी हळुवार टेकलं तर जवळजवळ सगळं परत मिळतं. लक्षात घ्या, रामन त्याच्या आदल्या वर्षापर्यंत सरकारच्या अर्थखात्यात हिशेबनीस अधिकारी होते आणि दिवसभराची नोकरी सांभाळून बहूबाजारातल्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ प्रयोग करत. तोटा नेमका कुठे नाहीसा होतो, हे शोधायला हिशेबखात्यातलाच माणूस हवा होता. हळुवार टकरीच्या या निष्कर्षाचा वैवाहिक जीवनाशी संबंध जोडण्याचा मोह मी इथे आवरतो आहे, कारण हा लेख घरात वाचला जातो.

त्याच संस्थेत सुधांशुकुमार बॅनर्जी दोन गोळे एकमेकांवर आपटल्यावर होणाऱ्या आवाजाचा अभ्यास करत होते, म्हणजे तळमजल्यावरच्या आजोबांच्या विषयाचा. पुढे हे बॅनर्जी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत आले आणि नंतर भारताच्या हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले. गोट्या आपटण्यापासून मान्सूनपर्यंत असा हा प्रवास. आपल्या पोरांना गोट्या खेळताना ओरडण्याआधी थोडा विचार करावा.

एवढं सगळं ऐकल्यावर एखाद्याला वाटेल, की तोटा न करणारा चेंडू का बनवत नाहीत? बनवला. कॅलिफोर्नियातल्या नॉर्मन स्टिंगली नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पॉलिब्युटाडाइन नावाचं कृत्रिम रबर गंधक घालून, प्रचंड दाबाखाली तापवून एक गोळा तयार केला. तो नुसता हातातून सोडला तरी जवळजवळ हातात परत येत असे. फ्रिस्बी आणि हुला हूप विकणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीने १९६५ मध्ये तो 'सुपर बॉल' म्हणून बाजारात आणला आणि अमेरिकेत त्याचं वेड लागलं. लक्षावधी चेंडू खपले. शतकानुशतकं ज्याची वाट बघितली तो जवळजवळ बिनतोट्याचा चेंडू माणसाच्या हातात आला.

आणि त्याने कुणालाही काहीही खेळता येईना. टेनिस खेळावं तर चेंडू पलीकडच्या गावात. क्रिकेट खेळावं तर यष्टिरक्षकाला शिडी हवी. फुटबॉलचा तर विचारही नको. तो चेंडू फक्त एकच गोष्ट करण्याच्या उपयोगाचा होता, ती म्हणजे हरवणं. आपल्याकडे त्याची रंगीबेरंगी, गोटीएवढी भावंडं जत्रेत आणि रेल्वे स्टेशनबाहेर मिळतात, आत चकाकी घातलेली. घरी आणला की पहिला टप्पा फरशीवर, दुसरा छतावर, तिसरा शोकेसमधल्या गणपतीच्या कानाजवळून, आणि चौथा कपाटाखाली. तिथून तो बाहेर येतो तो घर बदलताना, तीन मोलकरणींची कारकीर्द आणि एक कानातलं यांच्यासह.

या चेंडूने एका खेळाला मात्र मोठी देणगी दिली. अमेरिकन फुटबॉलच्या एका संघाचे मालक लामार हंट यांची मुलं तो चेंडू घेऊन खेळत. दोन लीगच्या विजेत्यांच्या सामन्याला काय म्हणायचं, हा प्रश्न चर्चेत असताना त्यांनी त्यावरून 'सुपर बोल' हे नाव सुचवलं, आणि तेच राहिलं. ज्या चेंडूने कुठलाच खेळ खेळता येत नाही, त्यावरून अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या सामन्याचं नाव पडलं. त्या सामन्यातला चेंडू गोलसुद्धा नसतो.

सुपर बॉलला गंभीरपणे घेणारा माणूसही तसाच तोलामोलाचा निघाला. रिचर्ड गार्विन यांनी तरुणपणी पहिल्या हायड्रोजन बाँबची रचना केली. १९६९ मध्ये त्यांनी या खरखरीत, अति उसळत्या चेंडूच्या गतीवर एक निबंध लिहिला. हा चेंडू फिरकीसुद्धा बुडवत नाही, उलटी करून परत देतो. त्यामुळे तो तिरका टेबलाखाली फेकला तर आधी जमिनीवर, मग टेबलाच्या खालच्या बाजूवर, मग पुन्हा जमिनीवर आपटून जवळजवळ त्याच वाटेने फेकणाऱ्याकडे परत येतो. हा प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे. अट एवढीच, की टेबलाखाली जुने पेपर, वजनकाटा आणि कधीतरी दुरुस्त करू म्हणून ठेवलेला मिक्सर नसावा. आपल्याकडे ही अट हायड्रोजन बाँबपेक्षा अवघड आहे.

साध्या चेंडूकडे परत येऊ, कारण त्याच्याकडे एक जादू आहे जी गणिताच्या मास्तरांनाही चक्रावते. चेंडू एक मीटरवरून सोडा. प्रत्येक टप्प्याला वेगाचा ठरावीक हिस्सा बुडतो, तेव्हा प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा लहान, पण शून्य कधीच नाही. मग कागदोपत्री टप्पे किती? अनंत. आणि लागणारा वेळ? पाऊण आकड्याच्या चेंडूला साधारण सव्वातीन सेकंद. अनंत टप्पे, सव्वातीन सेकंद! ज्यांना हे पटत नाही त्यांनी आपल्याकडचे पाहुणे निघताना आठवावेत. सोफ्यावर पहिल्यांदा "चला, निघतो आता" होतं, त्यानंतर अर्धा तास जातो. मग उभं राहून "निघतो हं" होतं, दहा मिनिटं जातात. चपला घालताना एक, दारात एक, जिन्यावर वळून एक, खाली गेल्यावर गॅलरीकडे बघून एक, गाडीची काच खाली करून एक. प्रत्येक निरोपाला आधीच्यापेक्षा कमी वेळ, निरोप मात्र संपत नाहीत. आणि तरीही आश्चर्य म्हणजे पाहुणे जातात. खरा चेंडू अर्थात इतका ताणत नाही. उसळ्या फारच लहान झाल्या की तो नुसता थरथरतो आणि गडगडत जातो.

गल्लीतल्या क्रिकेटने हा सगळा हिशेब पुस्तकाविना पक्का केलेला आहे. 'एक टप्पा, एक हात, आउट' हा नियम बघा. टोलवलेला चेंडू एक टप्पा पडल्यावर एका हाताने झेलला तर फलंदाज बाद. हा नियम चालतो कारण टेनिसचा चेंडू एका टप्प्यात नेमका इतका मरतो, की तो क्षेत्ररक्षकाच्या छातीपाशी येतो. सुपर बॉल असता तर झेलासाठी गच्चीवर माणूस ठेवावा लागला असता. चेंडूच्या वयाप्रमाणे पोरं नियमही बदलतात. नवा, केसाळ चेंडू असेल तर एक टप्पा आउट. केस जाऊन टकला झाला, आतली हवा कमी झाली, की आपोआप कुणीतरी जाहीर करतं, "आजपासून एक टप्पा बंद." गटारात पडून भिजला की तो जड होतो, उसळत नाही, आणि बॅटला लागल्यावर फलंदाजाच्या शर्टावर एक ठिपक्यांची रांग उमटवतो. अमेरिकेत डेन्व्हरच्या बेसबॉल मैदानावर २००२ पासून मुद्दाम दमट हवेच्या कपाटात चेंडू ठेवतात, कारण तिथली कोरडी हवा चेंडूंना सुकवून जास्त उसळतं करते. मुंबईत जुलैमध्ये असं कपाट लागत नाही. अख्खं शहरच ते काम करतं.

मोठ्या क्रिकेटमध्ये याच गोष्टीला 'पिच रिपोर्ट' म्हणतात. वानखेडेच्या लाल मातीवर चेंडू उसळतो, काळ्या मातीवर तो बसतो, हे सांगायला एक माजी कसोटीपटू कोट घालून खेळपट्टीवर उकिडवा बसतो आणि गाडीची किल्ली भेगेत खुपसून बघतो. टक्कर दोघांची असते. चेंडूने किती बुडवलं आणि जमिनीने किती, हा त्यातला खरा मुद्दा. टणक जमीन कमी दबते आणि कमी खाते. पण हे एका वाक्यात सांगितलं तर जाहिरातींमधला वेळ कसा भरायचा?

आमच्या सोसायटीच्या गेल्या वार्षिक सभेत हाच विषय निघाला. चेंडू दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत जातो, एका गाडीच्या काचेलाही लागला आहे, तेव्हा मुलांनी 'मऊ चेंडूनेच' खेळावं, असा ठराव आला. एकाने विचारलं, मऊ म्हणजे काय? सूचकाने अंगठा आणि तर्जनी दाबून दाखवली. इतिवृत्तात ते कसं लिहायचं, हे सेक्रेटरींना कळेना. तेव्हा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक सभासद उठले आणि म्हणाले, चेंडू वॉचमनच्या केबिनच्या छपरावरून सोडायचा आणि तो वॉचमनच्या कमरेच्या वर आला तर बंदी. टाळ्या पडल्या. लगेच हरकत आली, कुठल्या वॉचमनच्या? दिवसपाळीचा उंच आहे, रात्रपाळीचा बुटका. यावर वीस मिनिटं चर्चा झाली. मग मागच्या ओळीत आईशेजारी बसलेला एक सातवीतला मुलगा उभा राहिला. त्याने सांगितलं, "काका, कमरेपर्यंत चालेल. पण गुडघ्याच्या वर तरी यायला पाहिजे, असंही लिहा. नाहीतर तुम्ही असला बॉल आणाल की तो सरपटीच जाईल."

कमाल उसळी कंबर, किमान उसळी गुडघा, प्रमाण दिवसपाळीचा वॉचमन, असा ठराव एकमताने मंजूर झाला. चेंडू सोसायटीच्या खर्चाने घ्यायचा असल्यामुळे खजिनदारांनी तीन दुकानांची कोटेशनं मागवली आहेत. ती आलेली नाहीत. मुलं तोवर जुन्याच चेंडूने खेळताहेत आणि आजच सकाळी तो तिसऱ्या मजल्यावर गेला.